क्लारा शूमानची शिकवणी

जर्मनीमध्ये 1990 साली शंभर मार्कांची नवी नोट निघाली. तिच्या एका अंगाला एका तरुण स्त्रीचे चित्र होते आणि पाठीमागे मोठा पियानो. 2002 साली युरोच्या नोटा आल्या, मार्क गेला आणि त्याबरोबर ही नोटही गेली. पण तोवर बारा वर्षे तिकडच्या बायकांनी बाजारहाट करताना ह्या बाईचा चेहरा हाताळला. ती कोणी राणी नव्हती, की रणांगणावर लढलेली वीरांगना नव्हती. ती पियानो वाजवीत असे आणि त्या वाजविण्यावर तिने सात मुलांचा संसार एकटीने ओढला. तिचे नाव क्लारा शूमान.

स्मरणिकेत दरवर्षी आपण एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र छापतो. ह्या वर्षी मी क्लाराबाईंना घेतले ह्याचे कारण आपल्या मंडळाचा पेटीचा वर्ग. संध्याकाळी पाच-सहा वर्षांची मुले आई-आजीचा हात धरून येतात, आणि आत पोर अलंकार वाजविते तेव्हा बाहेरच्या बाकावर बसून आम्ही आज्या त्याच्या चुका मोजतो. मोठ्यांच्या चरित्रांत हा शिकण्याचा भाग एका ओळीत उरकलेला असतो. लहानपणापासून संगीताची आवड होती, असे लिहिले की झाले. मला तर तोच भाग पाहावासा वाटला. क्लाराच्या बाबतीत तो पाहता येतो, कारण तिच्या बापाने तो रोजच्या रोज लिहून ठेवला आहे. कसा लिहिला, ते पुढे सांगते.

पियानो आपल्याकडे फार थोड्या घरांत आढळतो. पण पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या पियानोच्याच ओळीतल्या, आणि आपली पेटीही मूळची तिकडचीच. हार्मोनियमचे पेटंट 1842 साली पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबें ह्या कारागिराने घेतले. तेव्हा पट्ट्यांवर इवलीशी बोटे ताणून बसलेले पोर आपल्याला परके वाटावयाचे कारण नाही.

क्लाराचा जन्म 13 सप्टेंबर 1819 रोजी लाइपझिग शहरात झाला. बाप फ्रीडरिश वीक. त्याचे शिक्षण धर्मोपदेशकाचे, पण ओढ संगीताची. लाइपझिगला त्याने पियानो विकण्याचे व भाड्याने देण्याचे दुकान थाटले, संगीताची पुस्तके घरी नेऊ देणारे वाचनालय चालविले आणि शिकवण्या केल्या. माणूस हुशार, कष्टाळू, पै-पैचा हिशेब ठेवणारा आणि शीघ्रकोपी. आई मारिआने सुरेख गात असे, पियानोही वाजवीत असे; शहरातल्या गेवांटहाउस ह्या नामांकित सभागृहात तिचे गाणे झालेले होते. लग्नानंतरच्या आठ वर्षांत तिला पाच मुले झाली. त्यांतली थोरली तान्हेपणीच गेली. घर, बाळंतपणे, शिकवण्या आणि सभेतले गाणे हे सगळे एकाच वेळी त्या बाईच्या डोक्यावर होते.

क्लारा चार वर्षांची होऊन गेली तरी बोलेना. सांगितलेलेही तिला समजत नसे. घरच्या माणसांची समजूत झाली की पोर बहिरी आहे. तिला सांभाळणारी मोलकरीण अबोल, आईबापांना वेळ नाही आणि दोघांचे आपसांत पटत नाही, अशा घरात मुलीने बोलायचे तरी कोणाशी? घरात शब्द कमी होते, पण सूर मात्र दिवसभर होते. दुकानात कोणीतरी पियानो लावीत आहे, माडीवर कोणी विद्यार्थी घोटीत आहे, आई गळा तापवीत आहे. बोलणे न समजणाऱ्या त्या मुलीला सूर मात्र बिनचूक समजत होते, हे पुढे उघडकीस आले.

1824 साली संसार मोडला. मारिआने नवऱ्याचे घर सोडून क्लाराला घेऊन माहेरी गेली. त्या वेळच्या तिकडच्या कायद्याप्रमाणे मुलांवर हक्क बापाचा. क्लाराला पाच वर्षे पुरी झाली आणि त्याच आठवड्यात मुलगी बापाच्या हवाली करावी लागली. पुढच्या वर्षी काडीमोड झाला, आईने दुसरा संसार मांडला आणि ती बर्लिनला गेली. भेटी क्वचित. ह्या बाईचे काय झाले असेल, ते चरित्रकारांनी दोन वाक्यांत संपविले आहे. मला ती वाक्ये वाचून पुढे जाववत नव्हते.

मुलगी घरी येऊन महिना-दीड महिना होतो न होतो तोच वीकने शिकवणी सुरू केली. आता ह्या शिकवणीविषयी जरा सविस्तर सांगते, कारण माणूस कसाही असो, शिक्षक म्हणून तो काळाच्या पुढे होता.

पहिली गोष्ट, त्याने मुलीपुढे पुस्तक ठेवलेच नाही. तिकडे संगीत कागदावर लिहून ठेवण्याची चाल जुनी आहे. आपल्याकडे जसे गुरुमुखातून घेतात तसे तिकडे पुस्तकावरून घेतात. वीक म्हणे, आधी कान, मग बोट आणि डोळा सर्वांत शेवटी. तो एक लहानशी सुरावट वाजवून दाखवी, मुलगी ती ऐकून वाजवी. मग तीच सुरावट दुसऱ्या पट्टीतून, मग तिसऱ्या पट्टीतून. आपण काळी एकमध्ये बसविलेले गाणे पांढरी चारमध्ये वाजवायला सांगितले तर मोठी माणसे गडबडतात. ही पाच वर्षांची पोर ते खेळासारखे करी. अक्षरओळख नसताना मूल गोष्टी सांगते ना, तसे. लिहिलेले संगीत वाचायला तिला नंतर शिकविले. मौज अशी की, ह्याच सुमारास मुलगी बोलूही लागली.

दुसरी गोष्ट वेळेची. रोज एक तास शिकवणी, आणि तिच्याखेरीज थोडा वेळ मेहनत. सुरुवातीला फार नाही, पुढेही दिवसाकाठी तीन तासांच्या वर सहसा नाही. बोटे थकली की उठायचे. थकलेल्या मुलाकडून घोटून घेतलेले चुकीचेच पक्के होते, असे तो मानी. आणि रोज मोकळ्या हवेत चालणे, थोडेथोडके नव्हे, चांगले काही तास. पाऊस असो, थंडी असो, बाप आणि लेक शहराबाहेर चालत निघत. चालण्याची ही सवय क्लाराबाईंनी म्हातारपणापर्यंत सोडली नाही. चांगले गाणे ऐकायलाही तो तिला लहानपणापासून नेई.

हे वाचताना मला आमच्या इमारतीतली मुले आठवली. शाळा, शाळेची शिकवणी, चित्रकला, पोहणे आणि मग रात्री आठ वाजता डोळे मिटत असताना पेटी. माझी धाकटी नात भाता मारता मारता पेंगते. तिला उठवून अंगणात पाठविले तर शेजारणी म्हणतात, आजीनेच लाडावून ठेवली. वीकला विचारले असते तर त्याने माझीच बाजू घेतली असती. अर्थात शाळेच्या बाबतीत मी त्याची बाजू घेणार नाही. क्लारा सबंध बालपणात जेमतेम दीड वर्ष शाळेत गेली. फ्रेंच, इंग्रजी, गायन, व्हायोलिन, संगीतशास्त्र ह्यांसाठी शिक्षक होते. पण जे पियानोच्या उपयोगाचे नाही त्याला घरात जागा नव्हती. बाहुल्या आणि मैत्रिणी ह्यांनाही फारशी नव्हती.

आठवा वाढदिवस जवळ आला तेव्हा घरच्या घरी काही वादक बोलावून त्यांच्या साथीवर क्लाराने मोत्सार्टची एक मोठी रचना वाजविली. ही रचना पूर्वी तिची आई वाजवीत असे. ह्याविषयी तिने आईला पत्र लिहिले आहे. कोठेही अडले नाही, एका अवघड जागी मात्र थोडा त्रास पडला, भीती मुळीच वाटली नाही, पण लोकांनी टाळ्या वाजविल्या त्याचे वाईट वाटले, असा त्यातला मजकूर. टाळ्यांनी कानठळ्या बसल्या असतील, की आईने वाजविलेली चीज आई नसताना वाजवावी लागली म्हणून टाळ्या नकोशा झाल्या असतील? पत्रात ते नाही. पण आईला लिहिताना आईच्या वादनाची आठवण काढली आहे, एवढे खरे.

आता त्या रोजनिशीचे सांगते. 1827 च्या जूनमध्ये वीकने क्लाराच्या नावाने एक वही घातली. रोजनिशी क्लाराची, पण लिहिणार बाप. आणि लिहिणार कसे, तर मी अमुक केले, मी तमुक वाजविले, माझ्या वडिलांनी मला हे सांगितले, असे तिच्या तोंडून. मी म्हणजे क्लारा, पण हात वीकचा. ती मोठी झाल्यावर स्वतःही त्यात लिहू लागली. तरी बाप वाचणार, दुरुस्त करणार हे ठरलेलेच. ती अठरा-एकोणीस वर्षांची होईतोवर हे चालले.

ह्या वहीतली एक नोंद 1828 च्या शरद ऋतूतली आहे. क्लारा नऊ वर्षांची होती. कोणा ह्युंटेन नावाच्या रचनाकाराची एक चीज तिने नीट वाजविली नाही. वीकने तिच्यादेखत त्या संगीताचा कागद फाडून टाकला, शिकवणी बंद केली, आणि फक्त सप्तक व बोटांचे व्यायाम तेवढे वाजवायचे अशी शिक्षा दिली. एवढे करून तो थांबला नाही. रात्री त्याने वही काढली आणि तिच्या नावाने लिहिले की मी आळशी आहे, निष्काळजी आहे, हट्टी आहे, अवज्ञा करणारी आहे. शिक्षा तर तिची झालीच, पण कबुलीजबाबही त्यानेच लिहून टाकला! ते पान मुलीने वाचायचे आणि आपलेच म्हणायचे.

पोराला रागावणारी आई ह्या जगात नवी नाही. पेटी झाकून ठेवीन, पुन्हा हात लावू देणार नाही, ही धमकी आपल्यापैकी किती जणींनी दिली नसेल? पण मुलाच्या तोंडात आपले वाक्य घालणे ही गोष्ट निराळी. तो मी म्हणतो म्हणून वाईट आहे, असे मूल मोठेपणी तरी म्हणू शकते. इथे तर मी म्हणणाराही तोच. पुढे ती नामांकित झाली म्हणून ह्या वहीचे कौतुक करणारे पुष्कळ आहेत, मी त्यांतली नाही. आणखी एक गोष्ट विचित्र घडली आहे. बापाच्या हाताने लिहिलेल्या त्या बालपणीच्या वह्या टिकल्या आणि आज छापूनही निघाल्या आहेत. संसारात पडल्यावर क्लाराबाईंनी आयुष्यभर स्वतःच्या हाताने लिहिलेली रोजनिशी मात्र नाहीशी झाली. तिच्यातले उतारे एका जुन्या चरित्रग्रंथात आहेत तेवढेच.

हाच बाप वेळप्रसंगी किती समजूतदार होऊ शके, तेही सांगितले पाहिजे. 20 ऑक्टोबर 1828 रोजी क्लाराने गेवांटहाउसमध्ये पहिल्यांदा लोकांपुढे वाजविले. दुसऱ्या एका मुलीबरोबर एकाच पियानोवर, चार हातांनी. वादकांना आणावयाला सभागृहाची खास गाडी येत असे. नवा झगा घालून मुलगी तयार झाली, दारात गाडी आली, ती चढून बसली. पाहते तो आत नटलेल्या मुली, आणि गाडी निघाली भलत्याच रस्त्याने! ती गाडी नाचाच्या समारंभाला जाणाऱ्या मुलींची होती. बोलायला आधीच भिणारी ही पोर, तिला कोणाला विचारवेना. अखेर मागून खरी गाडी धावत आली आणि तिला उतरवून घेऊन गेली. सभागृहाशी पोचली तेव्हा रडून रडून तिची शोभा झाली होती. वीक खाऊचा पुडा घेऊन दारात उभा. त्याने तिला शांतपणे सांगितले की पहिल्यांदा लोकांपुढे वाजविताना माणसाचे असे काहीतरी चुकायचेच, हे तुला सांगायचे मी विसरलो. मुलगी हसली, आत गेली आणि उत्तम वाजविले. दरवाजात उभे राहून आणखी चार सूचना देण्याचा मोह त्याने आवरला. हे सोपे नाही. आपल्या स्नेहसंमेलनाच्या दिवशी पडद्यामागे जाऊन पाहा.

ह्यानंतर गावोगाव दौरे सुरू झाले. 1831 साली, बाराव्या वर्षी, वायमारला महाकवी गटे ह्यांच्या घरी तिने वाजविले. गटे तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे होते. बैठक ठेंगणी होऊन मुलीचे हात पट्ट्यांपर्यंत नीट पोचत नाहीत हे त्यांच्या ध्यानात आले, आणि त्यांनी स्वतः बाहेरच्या खोलीतून उशी आणून तिच्याखाली घातली. नंतर आपले चित्र असलेले पदकही दिले. पदकापेक्षा उशीच माझ्या लक्षात राहिली आहे. पेटी शिकणाऱ्या मुलाच्या खाली पाट किती उंचीचा हवा, इकडे किती जणांचे लक्ष जाते?

त्याच वर्षीची घरातली एक गोष्ट. रॉबर्ट शूमान नावाचा एक तरुण वीककडे शिकायला राहत असे. मुलांना भुताखेतांच्या गोष्टी सांगून रंगविणारा हा राहणारा मुलांना फार आवडे. त्याने आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले आहे. क्लाराचा धाकटा भाऊ आल्विन व्हायोलिन शिके. एके दिवशी त्याचे बरोबर वाजेना, तेव्हा वीकने त्याला खाली पाडले, केस धरून ओढले. पोरगा पुन्हा वाजवू द्या म्हणून गयावया करीत होता. आणि क्लारा? ती किंचित हसली आणि शांतपणे पियानोपाशी बसून आपली चीज वाजवू लागली. रॉबर्टला प्रश्न पडला की आपण माणसांत आहो की कोठे.

मला ह्या प्रसंगी क्लाराचे हसणे मारापेक्षाही भयंकर वाटते. अकरा वर्षांची मुलगी. तिला कळून चुकले होते की ह्या घरात वाजेल त्याचीच धडगत आहे. आल्विनचे नाव आज कोणाला ठाऊक नाही. ज्या शिकवणीने एक क्लारा घडली त्याच शिकवणीत तो जमिनीवर पडला होता. थोरांच्या घरच्या शिस्तीचे दाखले देताना आपण ह्या पडलेल्या मुलांना हिशेबात धरीत नाही.

पुढचा भाग प्रसिद्ध आहे, म्हणून भराभर सांगते. पॅरिस, बर्लिन, व्हिएन्ना येथे क्लाराची कीर्ती झाली. स्वतःची पियानोची मोठी रचना तिने सोळाव्या वर्षी मेंडेल्सझोनच्या दिग्दर्शनाखाली गेवांटहाउसमध्ये वाजविली. 1838 साली ऑस्ट्रियाच्या दरबारचा मान मिळाला. व्हिएन्नाच्या उपाहारगृहांतून तिच्या नावाचा गोड केक विकू लागले. रॉबर्ट शूमानशी तिचे प्रेम जडले आणि बाप आडवा आला. ज्या मुलीवर पंधरा वर्षे मेहनत घेतली ती एका कफल्लक रचनाकाराच्या घरी भांडी घासणार, हे त्याला सोसवेना. तिने मिळविलेला पैसा त्याने दिला नाही. पियानो हवा तर तोही पैसे मोजून ने, म्हणाला. बदनामी केली. प्रकरण कोर्टात गेले. त्या दिवसांत क्लारा राहिली कोठे, तर बर्लिनला आईपाशी. पाच वर्षांची असताना हातातून गेलेली लेक वीस वर्षांची होऊन आईच्या दारी आली, आणि आईने लग्नाला संमती दिली. कोर्टाचा निकाल बापाच्या विरुद्ध लागला. 12 सप्टेंबर 1840 रोजी, एकविसावा वाढदिवस एका दिवसावर असताना, लाइपझिगजवळच्या एका लहानशा देवळात लग्न झाले. काही वर्षांनी बाप-लेकीचा समेटही झाला.

संसारात क्लाराबाईंना नवीच अडचण आली, आणि ती आपल्या चाळीतल्या बायकांना तरी समजावून सांगायला नको. घराच्या भिंती पातळ. रॉबर्ट रचना करीत बसला की पियानोला हात लावायचा नाही, कारण त्याला आवाज चालत नसे. त्याचे काम संपे तेव्हा हिच्या स्वयंपाकाची वेळ झालेली. दिवसातून एक तासही आपला मिळत नाही, बोटे मागे पडत आहेत, ही खंत तिने त्या दोघांच्या सामाईक रोजनिशीत नोंदली आहे. त्यात बाळंतपणे. चौदा वर्षांत आठ मुले झाली. एक मुलगा दीड वर्षाचा होण्याच्या आतच गेला.

थोरली मुलगी मारी 1841 सालची. ती सात वर्षांची झाली तेव्हा बिऱ्हाड ड्रेस्डेनला होते. मारी पियानो शिकत होती. त्या वेळी शिकवणीत मुलांपुढे ठेवीत त्या चिजा अगदी सुमार असत, अशी क्लाराबाईंची तक्रार होती. 1 सप्टेंबर 1848 रोजी मारीच्या वाढदिवसाला रॉबर्टने तिला भेट दिली ती तिच्यासाठी रचलेल्या काही छोट्या चिजांची. हे काम त्याला इतके आवडले की महिनाभरात चिजांची संख्या वाढत वाढत त्रेचाळीस झाली. शिपायांची चाल, बेफाम घोडेस्वार, काम आटोपून खुशीत घरी येणारा शेतकरी, पोरके मूल, अशी त्यांची नावे. पहिल्या चिजा इतक्या सोप्या की पाच बोटांत बसतात. मग थोड्या थोड्या अवघड. हा संग्रह त्याच वर्षी छापून निघाला. आज जगात जेथे जेथे लहान मुले पियानो शिकतात, तेथे ह्यांतली एखादी तरी चीज वाजविली जाते, आपल्या मुंबई-पुण्यातही. मुलाच्या बोटांना जमेल, आणि तरीही ऐकणाऱ्या आईला कंटाळा येणार नाही, असे रचणे फार कठीण. कित्येक मोठमोठ्या गवयांना ते साधलेले नाही.

ह्याच सुमारास रॉबर्टने एक लहानशी वही घातली होती. मुले मोठी झाल्यावर त्यांना वाचता यावी म्हणून तो तीत त्यांच्या बारीकसारीक गोष्टी टिपून ठेवी. कोण केव्हा चालू लागले, कोण काय बोलले. पण ह्या वहीत मुलांच्या तोंडचा मी नाही. बाप बाप म्हणून लिहितो आणि मुलांविषयी लिहितो. वीकची वही ठाऊक असलेल्या क्लाराबाईंना ही वही पाहून काय वाटले असेल?

1854 च्या फेब्रुवारीत रॉबर्टचे मन बिघडले आणि त्याने ऱ्हाइन नदीत उडी घेतली. लोकांनी वाचविले. मग तो आपण होऊन बॉनजवळच्या वेड्यांच्या इस्पितळात गेला आणि दोन वर्षांनी, 29 जुलै 1856 रोजी, तेथेच वारला. क्लाराबाई तेव्हा पोटुशी होत्या. धाकटा फेलिक्स बाप इस्पितळात असताना जन्मला. मदतीला धावून आली ती पुन्हा आई मारिआने. तरुण ब्राम्सही आला. पुढे जगप्रसिद्ध झालेला हा संगीतकार त्या दिवसांत घरखर्चाची वही लिहीत असे व मुलांकडे पाहत असे. लोकांनी मदतनिधीसाठी जलसा करू म्हटले, तर बाईंनी नको म्हणून सांगितले. फेलिक्स चार महिन्यांचा असताना त्या दौऱ्यावर निघाल्या. इंग्लंडला तर किती वेळा गेल्या! त्यांच्या जलशांची छापील पत्रके जपून ठेवलेली आहेत, ती तेराशेहून अधिक भरतात.

मुले कोणी नातलगांकडे, कोणी वसतिगृहात. आई पत्रांतून भेटे. मुलांना ह्याचे सुख नव्हते, हे खरे आहे. थोरली मारी मात्र जन्मभर आईपाशी राहिली. तिसरी हकीकत ऑयगेनीची. ही शेवटून दुसरी. तिने 1925 साली आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात आईच्या शिकवणीची वर्णने आहेत. बोटांच्या व्यायामासाठी चेर्नीची रूक्ष पाठांची पुस्तके सगळेच वापरतात, आपल्याकडच्या पलट्यांसारखी. ऑयगेनीने त्यातला एक पाठ वाजविला. आई रागावली नाही, तर तेच स्वर असे अधिक बरे लागत नाहीत का, अशा अर्थाचे काही बोलून तिने स्वतः वाजवून दाखविले, आणि त्या कोरड्या पाठाचे गाणे झाले. कान आधी, ही वीकचीच रीत. पण कागद फाडणे त्यात नव्हते. बापाकडून काय घ्यायचे आणि काय त्याच्यापाशीच ठेवायचे, ह्याची निवड क्लाराबाईंनी केली होती. मला त्यांच्या कीर्तीपेक्षा ही निवड मोठी वाटते.

1878 साली फ्रांकफुर्टच्या संगीत विद्यालयाने त्यांना अध्यापक नेमले. तेथील अध्यापकवर्गात त्याच एक स्त्री. विद्यार्थिनींना त्या घरीच शिकवीत. मारी आणि ऑयगेनी खालची तयारी करून घेत. फॅनी डेव्हिस, अडेलीना द लारा अशा कितीतरी जणी दूरदूरच्या देशांतून त्यांच्याकडे आल्या. घरचे घावही काही थोडे नव्हते. यूली आणि फेलिक्स तरुणपणी क्षयाने गेले, लुडविग वेड्यांच्या इस्पितळात, फेर्डिनांड लढाईहून आला तो दुखणे घेऊन, आणि त्यावर घेतलेल्या मॉर्फिनचे व्यसन लागून 1891 साली वारला. त्याच्या मुलांचा भार आजीवर आला. सत्तरी ओलांडलेली आजी नातवंडांच्या शिक्षणासाठी शिकवण्या करीत होती.

1891 च्या मार्चमध्ये त्यांनी लोकांपुढे शेवटचे वाजविले. म्हणजे नवव्या वर्षापासून एकाहत्तराव्या वर्षापर्यंत. लहानपणी जिला बहिरी समजले, तिचे कान उतारवयात खरोखरीच त्रास देऊ लागले; सूर एकमेकांत मिसळलेले ऐकू येत. तरी शिकविणे चालू होते.

1896 च्या वसंतात अर्धांगाचा झटका आला. फेर्डिनांडचा मुलगा, त्याचेही नाव फेर्डिनांडच, आजीपाशी राहून तिच्या हाताखाली शिकत होता. आजीने अंथरुणावरून त्याला पियानोपाशी बसविले आणि आजोबांच्या काही चिजा वाजवायला सांगितले. त्याने वाजविल्या. त्यांच्या कानांवर पडलेले हे शेवटचे संगीत. 20 मे रोजी त्या गेल्या, आणि बॉनला रॉबर्टशेजारी त्यांना पुरण्यात आले.